कृष्णऊर्जेचा शोध आणि तीन सरकारी खातीं

तीन गांवांनीं मिळून एक विहीर खणावयाचें ठरविलें, म्हणजे पहिला वाद पाण्याविषयीं होत नाहीं. जागा कोणाची, पैसा कोणीं किती घालावयाचा आणि देखरेख कोणाकडे, याविषयीं होतो. विज्ञानांतहि एखाद्या संशोधनाचा खर्च एका संस्थेस पेलेनासा झाला कीं हाच प्रश्न उभा राहतो. विश्वाच्या प्रसरणासंबंधीं अमेरिकेंत सरकारी खर्चानें चाललेलें संशोधन हें याचें बोधप्रद उदाहरण होय.

विश्व प्रसरण पावत आहे, हें एडविन हबल यांनीं १९२९ मध्यें दाखवून दिलें. वर फेंकलेल्या चेंडूचा वेग जसा कमी होत जातो, तसा गुरुत्वाकर्षणामुळें या प्रसरणाचा वेगहि मंदावत असला पाहिजे, अशी पुढें सर्वसाधारण समजूत होती. १९९८ मध्यें संशोधकांच्या दोन तुकड्यांनीं अतिदूरच्या स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा प्रकाश मोजला, तेव्हां तो अपेक्षेहून मंद निघाला. प्रसरणाचा वेग घटत नसून वाढत आहे, असा त्याचा अर्थ झाला. एका तुकडीचे नेते सॉल पर्लमटर, दुसरीचे ब्रायन श्मिट. त्या दुसरींतच ॲडम रीस होते. या तुकड्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी होत्या. त्यामुळें दोघींचें उत्तर एकच आलें, तेव्हां जगाचा त्यावर लौकर विश्वास बसला. तिघांस २०११ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

वेग वाढविणाऱ्या या अज्ञात कारणास ‘डार्क एनर्जी’, म्हणजे कृष्णऊर्जा, असें म्हणतात. विश्वांतील एकंदर द्रव्य व ऊर्जा यांपैकीं सुमारें ७० टक्के भाग तिचा आहे. तारे, पृथ्वी, मनुष्य हें सर्व ज्या द्रव्याचें बनलें, त्याचा वांटा अवघा ५ टक्के. परंतु नांव दिल्यानें वस्तूचें स्वरूप कळत नाहीं.

तें कळावें म्हणून पैसा हवा. आणि तो अमेरिकेंत तीन थैल्यांत विभागलेला होता. जमिनीवरील दुर्बिणींस राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान पैसा पुरवी. अवकाशांतील दुर्बिणी ‘नासा’कडे. सूक्ष्म कणांचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळा ऊर्जा खात्याकडे. आणि प्रकाशाचा अल्पसा कणहि टिपणारीं यंत्रें बनविण्याचें कसब या प्रयोगशाळांपाशीं होतें. या तिघांस सल्ला देण्यासाठीं २००५ मध्यें एडवर्ड कोल्ब यांच्या अध्यक्षतेखालीं एक कार्यदल नेमण्यांत आलें. त्याचा अहवाल २००६ मध्यें आला.

या कार्यदलानें चार पद्धतींचा विचार केला: स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचें तेज मोजणें; दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांच्या, मांडणींतील ठराविक अंतर मोजणें; दीर्घिकांच्या मोठमोठ्या पुंजांची गणना करणें; आणि वाटेंतील द्रव्यामुळें दूरच्या दीर्घिकांच्या आकारांत पडणारा किंचित् बांक मोजणें. यांपैकीं कोणतीहि एक पद्धत पुरेशी नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. एकाच तराजूवर धान्य दहा वेळां तोललें, तरी तराजूंतील खोट दहाहि वेळां तीच राहते. दुसरा तराजू आणल्यावांचून ती उघडकीस येत नाहीं. शिवाय निरनिराळ्या योजनांची तुलना व्हावी म्हणून एक गुणांक ठरविण्यांत आला. चुकीस जितकी कमी जागा उरेल, तितका गुणांक मोठा. अखेरच्या टप्प्यांतील योजनांनीं तो दसपट करावा, अशी अपेक्षा ठेवली. तीन खात्यांस असें एक समान माप मिळालें.

त्यानंतरच्या योजनांत कामाची वांटणी स्पष्ट दिसते. चिलीमध्यें विज्ञान प्रतिष्ठानाच्या ४ मीटर दुर्बिणीवर ऊर्जा खात्याच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेनें बांधलेला कॅमेरा बसविण्यांत आला आणि २०१३ ते २०१९ पर्यंत आकाशाची पाहणी झाली. ॲरिझोनांतील किट पीक येथें ५,००० प्रकाशतंतूंचें ‘डेसी’ नामक यंत्र २०२१ पासून दीर्घिकांचीं अंतरें मोजूं लागलें. चिलींतीलच व्हेरा रुबिन वेधशाळेचीं पहिलीं चित्रें जून २०२५ मध्यें प्रसिद्ध झालीं. तिच्यासाठींहि दोन्ही खात्यांनीं खर्च केला.

सर्वच सहकार्य इतकें सुरळीत झालें नाहीं. नासा व ऊर्जा खातें यांची संयुक्त अवकाशमोहीम अनेक वर्षें कागदावरच राहिली. अखेर २०१० मध्यें ज्योतिषशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय समितीनें अधिक व्यापक उद्देशांची दुर्बीण सुचविली, आणि तें काम नासानें हातीं घेतलें. तिलाच २०२० मध्यें नॅन्सी ग्रेस रोमन यांचें नांव देण्यांत आलें. दोघांचें काम पुष्कळदां कोणाचेंच होत नाहीं, हा व्यवहारांतील अनुभव येथेंहि आला.

एकजुटीचा दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. सर्वांनीं एकच उत्तर अपेक्षिलें, तर तेंच सांपडूं लागतें. म्हणून डेसीच्या शास्त्रज्ञांनीं गणिताची रीत पक्की होईपर्यंत खरें उत्तर स्वतःपासूनच झांकून ठेवलें. मार्च २०२५ मध्यें, सुमारें दीड कोट दीर्घिका व क्वेसार यांच्या मोजणीवरून, कृष्णऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असा संकेत त्यांनीं जाहीर केला. परंतु स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या तीन निरनिराळ्या याद्यांशीं तो जुळवून पाहतां त्याचें बळ ‘सिग्मा’ या मापानें २.८ पासून ४.२ पर्यंत बदलतें. निश्चित शोध म्हणण्यास ५ सिग्मा लागतात. तराजू बदलला कीं वजन बदलतें, तोंवर निर्णय देतां येत नाहीं. आणि एकच यादी हातीं असती, तर ही शंकाच कोणास आली नसती.

सरकारी पैसा हा जनतेचा पैसा. तो दुबार खर्च होऊं नये, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु दुसऱ्या साक्षीदारावर केलेला खर्च दुबार नव्हे. पैसा, यंत्रें व माप एकत्र असावें; साक्ष मात्र ज्याची त्यानें स्वतंत्रपणें द्यावी. १९९८ मध्यें दोन प्रतिस्पर्ध्यांनीं नकळत घालून दिलेला हा धडा खात्यांनीं जाणूनबुजून पाळला, तरच त्यांच्या सहकार्यांतून निघालेल्या उत्तरावर विसंबतां येईल.