दोन पर्वतदेशांतून : लेखांक चौथा – गाईडच्या तोंडून

गेल्या लेखांकात दाखले-तपासणीचा सोपस्कार उरकून आपण सोनौलीची सरहद्द ओलांडली. आता काठमांडूत मुक्काम पडला असता, यात्रेचा खरा सूत्रधार जो वाटाड्या, ज्याला आपण सारे गाईड म्हणतो, त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

समुद्रपूर तहसिलीतल्या माणसाला ही व्यक्ती अगदीच अपरिचित नाही. गिरडची टेकडी चढून शेख फरीद यांच्या दर्ग्याशी पोहोचलेल्या भाविकाला तेथील गोल दगड दाखवून, अवलियाची कुचेष्टा करणाऱ्या दोन फिरत्या वाण्यांचा माल शापाने असा पाषाण झाला, ही कथा कोणीतरी सांगतोच. आणि भूगर्भवेत्त्यांनी त्याच दगडांना झिओलाइट ठरवले म्हणून त्या कथेचा एक श्रोताही कमी झालेला नाही. चांगल्या कीर्तनकाराच्या निरूपणात आणि आख्यानात जसे वैर नसते, तसे चांगल्या गाईडच्या बोलण्यातही शास्त्र आणि दंतकथा सुखाने नांदतात. नुसत्या उंच्या आणि सनावळ्या घोकणारा गाईड मला तरी कचेरीतल्या कारकुनाहून निराळा वाटत नाही.

काठमांडूचे खोरे हे पूर्वी एक विस्तीर्ण सरोवर होते. मंजुश्री बोधिसत्त्वाने खड्गाच्या एका प्रहाराने चोभारचा डोंगर चिरला आणि पाणी वाहून जाऊन मनुष्यवस्तीस भूमी मोकळी झाली, असे तेथील गाईड सांगतो. बागमती नदी आजही चोभारच्या अरुंद घळीतूनच खोऱ्याबाहेर पडते. नवल असे की सरोवराची गोष्ट भूगर्भशास्त्रालाही मान्य आहे, आणि त्या लुप्त जलाशयाच्या तळाचा गाळ, ज्याला तिकडे काली माटी म्हणतात, खोऱ्यातले शेतकरी पिढ्यानपिढ्या खत म्हणून शेतात घालीत आले आहेत. काळ्या मातीचे मोल वऱ्हाड-नागपुराकडच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावयास नको! परंतु हाच मऊ गाळ भूकंपाच्या संथ हेलकाव्यांना वाढवतो. २५ एप्रिल २०१५ रोजी धरहरा मनोरा कोसळला, काष्ठमंडप जमीनदोस्त झाला आणि हजारो माणसे दगावली.

भक्तपूरचे न्यातपोल मात्र उभे राहिले. १७०२ साली भूपतींद्र मल्ल राजाने बांधविलेले हे पाच छपरांचे मंदिर पाच थरांच्या जोत्यावर असून त्याच्या पायऱ्यांच्या दोहों बाजूंस रक्षकांच्या जोड्या बसविल्या आहेत. सर्वांत खाली जयमल आणि पत्ता हे मिशाळ पहिलवान, ज्यांचे बळ सामान्य मनुष्याच्या दसपट. त्यांच्या वर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, आणि शेवटी बाघिनी व सिंघिनी या देवता, प्रत्येक जोडी खालच्या जोडीहून दसपट बलाढ्य. हा हिशेब गाईडने सांगितल्यावाचून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

भूतानची रीत वेगळी. परदेशी पर्यटकांना १९७४ पासून दार उघडणाऱ्या या देशाने पाहुण्यांवर कर बसविला. आपणा भारतीयांस सध्या दर रात्रीस माणशी १२०० रुपये पडतात. गाईड सरकारी परवान्याचा, अंगात घो हा राष्ट्रीय पोशाख. पारोच्या कड्यावरील तक्त्सांग मठाविषयी, गुरू पद्मसंभव वाघिणीवर आरूढ होऊन येथे उडत आले, असे तो ज्या गंभीरपणे सांगतो, त्याच गंभीरपणे १९९८ची आग आणि त्यानंतरची पुनर्बांधणीही सांगतो.

फोब्जिखा खोऱ्यात तर श्रद्धा आणि सरकारी अंमल यांची गाठच पडली आहे. थंडीच्या तोंडावर तिबेटातून येणारे काळ्या मानेचे क्रौंच उतरण्यापूर्वी गांगतेय मठाला तीन प्रदक्षिणा घालतात, असे ग्रामस्थ मानतात. आणि त्या पक्ष्यांचे पंख तारांत अडकू नयेत म्हणून खोऱ्यातील विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत.

पुढील आठवड्यात चितवनचे गेंडे.