वरचा कप्पा कुणाचा?

२७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतलं नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं तेव्हा ते एटीआर होतं. पंख्यांचं, छोटं, वरचे कप्पेही उथळ. नंतर आलेलं स्टार एअरचं एम्ब्रेअर १७५ जेट मोठं. दोन-दोन आसनांची रांग, मधली सीटच नाही! माझं आवडतं विमान.

पण कप्प्यावरून कुरबूर तीच. एसटीत रुमाल टाकून जागा धरणारे आपण. इथे मात्र कप्पा सीटनंबरप्रमाणे मिळत नाही, तो सामायिक असतो. केबिन बॅग सर्वसाधारणपणे एकच, ७ किलोपर्यंत. लॅपटॉपची किंवा छोटी पिशवी पुढच्या सीटखाली. वर जॅकेट पसरणाऱ्यांनी ते मांडीवर घ्यावं, हे माझं ठाम मत.

कुणी मागची सीट असून पुढचाच कप्पा भरला, तर भांडू नका. केबिन क्रूला सांगा. दुसऱ्याची बॅग न विचारता हलवू नका, आत काचेचं काही असू शकतं. बॅग मागे ठेवावी लागली, तर उतरताना उलटं घुसू नका, गर्दी ओसरू द्या.

केबिनमधल्या सामानाबद्दलच आणखी एक, नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या शीख भाविकांसाठी: देशांतर्गत विमानात कृपाण चालते, पातं ६ इंचांपर्यंत, एकूण लांबी ९ इंचांपर्यंत.