तंबाखूच्या काठ्या

लेकीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आहे आणि मी पर्समध्ये पेन शोधते आहे. नंबर उतरवून घ्यायचाय.

टेनेसीतला हा 11-डब्ल्यू हायवे किंग्जपोर्टहून रॉजर्सव्हिलला जातो. गाडीच्या रेडिओवर 1370 एएम, डब्ल्यूआरजीएस लागलंय आणि ‘स्वॉप शॉप’ चालू आहे. काही विकायचं असो, बदली द्यायचं असो की नुसतं हवं असो, माणूस स्टेशनला फोन लावतो आणि त्याचा आवाज सगळ्या पंचक्रोशीत जातो. 2021 साली नेटफ्लिक्सनं या कार्यक्रमावर मालिका केली, तेव्हा कुठे बाहेरच्या लोकांना त्याची खबर लागली.

मघाशी एका बाईनं अंड्यावरच्या सहा कोंबड्या सांगितल्या. आत्ता एक म्हातारा बोलतोय.

‘तंबाखूच्या काठ्या आहेत. शंभरेक भरतील. वडिलांनी फोडलेल्या, ओकच्या.’

मग नंबर, एकेक आकडा सुटा. निवेदक तोच नंबर पुन्हा म्हणतो, आणखी सावकाश, मध्ये थांबत. त्या थांबण्यात मला गावभरची माणसं दिसतात: कणकेच्या हातानं कागद ओढणारी, ट्रॅक्टर बंद करून खिसे चाचपणारी. पेन्सिलीच्या चालीनं चालणारा हा कार्यक्रम आहे आणि म्हणूनच तो मला फार आवडतो.

‘आई, लिहिलास ना?’

‘लिहिला. शेवटचे दोन आकडे दुसऱ्या खेपेला मिळाले.’

लेकीला घेवड्याच्या वेलांना आधार हवाय. मला त्या काठ्या बघायच्यात. मी निपाणीची. आमच्या घरामागे वखार होती. तंबाखूच्या खकाण्यानं शिंकत आम्ही अभ्यास केला. 1981 साली शरद जोशींच्या मागे शेतकरी हायवेवर बसले, तेही तंबाखूच्या भावासाठीच. पण आमचा बिडीचा तंबाखू रानात उन्हाला पसरतात. त्याला काठी लागत नाही.

रॉजर्सव्हिल येतं. 1836 सालचं कोर्ट, समोर पांढरे खांब. टेनेसीतलं पहिलं वर्तमानपत्र 1791 साली याच गावात छापलं गेलं. चार मिनिटांत गाव मागे पडतं आणि उंच, काळपट लाकडी कोठारं दिसू लागतात, बरीचशी रिकामी.

म्हातारबुवा दारातच उभे आहेत. मी निपाणीचं सांगते, तशी ते काठी विकायचं विसरून काठी समजावूनच सांगू लागतात. साडेचार फुटांची काठी. तिच्या टोकावर लोखंडी टोपण बसवायचं, शंकूसारखं, अणकुचीदार. कापलेलं झाड बुंध्याशी त्यावर दाबलं की देठ चिरून आरपार ओवलं जातं. एका काठीला पाच-सहा झाडं. मग ती काठी कोठारात आडव्या वाशांवर चढवायची. एक माणूस खालून देतो, एक वर पाय फाकून उभा. सावलीत, वाऱ्यावर आठवडेच्या आठवडे वाळवण.

‘2004 सालच्या कायद्यानं सरकारी कोटा गेला,’ ते म्हणतात. ‘कोटा होता तोवर भाव धरून होता. नंतर दोन वर्षं तंबाखू लावला. मग नाही.’

मी एक काठी हातात घेते. मधोमध ती गुळगुळीत झालीय, जात्याच्या खुंट्यासारखी. हात पडून पडून. टोकाकडे तासल्याचे व्रण अजून आहेत. नाकाशी नेते. इतक्या वर्षांनीही वास आहे, गोडसर, मातकट. आमच्यासारखा झणका नाही, पण घराणं तेच. माझे डोळे भरून येतात. ते बघतात आणि बोलत नाहीत. थोड्या वेळानं काठ्या मोजायला घेतात, पाच-पाचच्या चळती लावत.

मोजणी साठावर असताना त्यांच्या खिशातला फोन वाजतो. रेडिओ ऐकून कुणीतरी.

‘गेल्या हो, सगळ्या गेल्या. आत्ताच,’ ते सांगतात. पण फोन ठेवत नाहीत. ‘थांबा. खाली नदीकडे माझा एक दोस्त आहे, त्याच्याकडे असतील. लिहून घेताय?’

फोनवरचा माणूस बहुधा पेन शोधतोय. म्हातारबुवा साठावी काठी तशीच हातात धरून वाट बघतात. मग दोस्ताचा नंबर सांगतात, एकेक आकडा सुटा, आणि पुन्हा एकदा, आणखी सावकाश.