ब्लॉकवरचा आकडा

नवा पिस्टन सिलिंडरमध्ये सहज पडत नाही. रिंगा पट्टीने आवळून, तेल लावून, लाकडी दांड्याने हलके ठोकत तो उतरवावा लागतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी करंजीजवळच्या एका गॅरेजमध्ये मी पाहिलेला पिस्टन मात्र पेल्यात लिंबू पडावे तसा आत गेला आणि खुळखुळला.

ट्रक टाटाचा, जुना. वणीकडच्या माझ्या एका परिचिताने कोळसा आणि चुनखडीच्या वाहतुकीसाठी तो दुसऱ्या हाताने घेतला होता. आरसी पुस्तकातला इंजिन क्रमांक ६९२ ने सुरू होत होता, म्हणून त्याने नागपुरातून ६९२ चा पिस्टन-संच आणला. दुकानदाराने चुकीचा डबा दिला, असे सर्वांचे मत पडले. मिस्त्रीने पिस्टन मोजला. व्यास ९२ मिलिमीटर. डबा बरोबर होता.

मी इंजिनिअर नाही. शिक्षण वाणिज्याचे, आणि जे काही कळते ते गॅरेजच्या बाकावर बसून, फुटक्या पिस्टनांना पट्टी लावून कळलेले. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की इंजिनाचे नाव हा वाचण्याचा मजकूर आहे.

टाटाच्या नावांत तो मजकूर अगदी उघड आहे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, व्यास ९७. आपल्या गावोगावच्या ४०७ मध्ये बसलेले ४९७ म्हणजे चार सिलिंडर, व्यास तोच ९७. ताळा कागदावर करता येतो. व्यासाचा वर्ग करायचा, ०.७८५४ ने गुणायचे, पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक आणि सिलिंडरांची संख्या यांनी पुन्हा गुणायचे. ६९२ ची धाव १२० मिलिमीटर, उत्तर सुमारे ४७८८ घनसेंटिमीटर. ६९७ ची धाव १२८, उत्तर ५६७५. हा आकडा आरसी पुस्तकातही घनक्षमतेच्या रकान्यात असतो. तो रकाना कोणी वाचत नाही, हे वेगळे.

मिलिमीटर आले जर्मनीहून. १९५४ मध्ये टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला सुरुवात केली आणि १९६९ मध्ये तो करार संपला. बोनेटवरचा तारा गेला, टाटाचा ‘टी’ आला. म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या तोंडची ‘मर्सिडीज’ मात्र पुढे कित्येक वर्षे गेली नाही. जर्मन मूळ इंजिन ओएम ३१२. त्यातला ३१२ हा नुसता रचनेचा क्रमांक, त्यावरून माप काढू गेल्यास फसगत होते. त्याचा व्यास होता ९०.

आता नागपूर-हैदराबाद रस्त्याचा विचार करा. जुना राष्ट्रीय महामार्ग ७, आताचा ४४, आपल्या जिल्ह्यातून वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा पैनगंगेकडे उतरतो. त्यावर जमशेदपूरच्या गाड्यांच्या शेजारीच मद्रासच्या लेलँड धावत. लेलँडचे ३७० इंजिन तुम्ही टाटाच्या रीतीने वाचू गेलात तर तीन सिलिंडर आणि ७० मिलिमीटर निघतील, आणि ते साफ चूक ठरेल. ३७० म्हणजे ३७० घनइंच, साधारण ६ लिटर. ४०० म्हणजे ४०० घनइंच. मोठ्या गाड्यांतले ६८० म्हणजे ६८० घनइंच, ११ लिटरांच्या पुढे. सिलिंडर तिन्हींत सहाच. कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या डॉज-फार्गो गाड्यांत दिसणाऱ्या पर्किन्सच्या घराण्यातले ६.३५४ हे नाव तर दोन्ही गोष्टी सांगते : सहा सिलिंडर, ३५४ घनइंच. आपल्या संसदेने १९५६ मध्ये दशमान मापांचा कायदा केला, पण लेलँडच्या ब्लॉकमध्ये इंच त्यानंतरही दशके नांदले. मग १९९३ मध्ये टाटा-कमिन्सची भागीदारी झाली आणि तिसरी भाषा आली. कमिन्सच्या ५.९ मधला आकडा सरळ लिटरांचा. एकाच ढाब्यासमोर उभ्या तीन ट्रकांची इंजिने मिलिमीटर, इंच आणि लिटर अशी तीन मापे बोलत असत.

म्हणून इंजिन ओळखताना पहिला प्रश्न कोणत्या घराण्याचे, आणि आकडा त्यानंतर. बाहेरच्या बिल्ल्यावर विश्वास ठेवू नये. जाळी, बोनेट, ‘टर्बो’ची पाटी, सगळे बाजारात मिळते. ट्रकवर लिहिलेले सगळे खरे मानायचे तर मागच्या शेराशायरीलाही पुरावा मानावे लागेल! टर्बो आहे की नाही ते डोळ्यांनी पाहावे; टाटाच्या क्रमांकात ६९७ नंतर ‘टीसी’ अक्षरे असली तर ती टर्बोचार्जरची खूण. खरी साक्ष ब्लॉकची. त्यातही ओतीव आकडे आणि ठोकलेले आकडे यांत गल्लत होते. ओतीव आकडे उठावाचे असतात. ते साच्यातून आलेले, तसल्या अनेक ब्लॉकांना सामाईक. इंजिनाचा स्वतःचा क्रमांक पंचाने खोल ठोकलेला असतो.

आमच्या ट्रकच्या ब्लॉकवर क्रमांक होता, ६९२ नेच सुरू होणारा आणि आरसीशी अक्षरशः जुळणारा. इथे परिचिताचा जीव भांड्यात पडला. मिस्त्री मात्र गप्प होता. हेड उघडेच होते. त्याने व्यास घेतला तो ९७ हून किंचित जास्त भरला. व्यास एकट्याने पुरावा होत नाही, कारण झिजलेला सिलिंडर बोअर करून थोडा मोठा करतात. थोडा म्हणजे फार तर मिलिमीटर. ९२ चा ९७ होत नाही. धाव मात्र बोअरिंगने बदलत नाही, ती क्रँकच्या घडणीत असते. आम्ही क्रँक हाताने फिरवून पिस्टन सर्वांत वर आणि सर्वांत खाली नेऊन खोली मोजली. फरक १२८.

मग टॉर्च लावला. क्रमांकाखालची जागा कारखान्यातही सपाट केलेली असते, पण इथे ग्राइंडरच्या वाकड्या रेघा होत्या आणि आकड्यांची खोली एकसारखी नव्हती. ६९७ चे इंजिन बसवून त्यावर ६९२ चा जुना क्रमांक ठोकला होता.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातल्या बदलांविषयी आहे. इंजिन बदलणे गुन्हा नाही, ते कळवून नोंदवून घ्यावे लागते. क्रमांक घासून दुसरा ठोकला की गोष्ट वेगळी होते. ब्लॉक चोरीचा असण्याची शंका येते आणि ती आजच्या मालकाच्या डोक्यावर बसते.

आम्ही आधीच्या मालकाला गाठायला घाटंजीला गेलो. म्हातारा अजिबात गांगरला नाही. “इंजन बदलवलं होतं न जी. क्रँक तुटली होती. तेव्हा कोन जाते हापिसात?” अपघातात गेलेल्या गाडीचे इंजिन त्याने विकत घेतले होते, आणि हापिसाची फेरी वाचवण्यासाठी जुना क्रमांक ठोकून घेतला होता. त्याने लोखंडी पेटी उघडून बिलही काढून दिले. जांभळ्या कार्बनची प्रत, तीवर ६९७ ने सुरू होणारा पूर्ण क्रमांक. आम्ही आनंदाने परतलो, आणि वाटेत, जोडमोहाच्या आसपास, मला उमगले की बिलावरचा क्रमांक पडताळायला ब्लॉकवर आता काही उरलेलेच नाही. तो तर ग्राइंडरने खाल्ला होता.

पंचाचा ठोका पृष्ठभागाच्या खालची धातूही दाबतो. त्यामुळे घासून टाकलेला क्रमांक आम्लाने पुन्हा उमटवता येतो, न्यायवैद्यक प्रयोगशाळा हे काम करतात; पण ओतीव लोखंडावर ते अवघड असते. मी परिचिताला सुचवले की स्वतःहून अर्ज कर, बिल जोड, तपासणी माग. त्याने विचारले, “दादा, गाडी किती दिवस उभी राहील?” याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. बँकेचा हप्ता उभ्या गाडीलाही चालू असतो.

त्याने अर्ज केला नाही, आणि तो ट्रक तसा पुढे विकलाही नाही. ब्लॉक उतरवून भंगारात वजनावर दिला, तोही माझ्यासमोर घणाने फोडून. दुसरे इंजिन घेतले, रीतसर नोंदवले, आणि त्या हंगामाचा पैसा त्यातच गेला. नवे इंजिन उतरवून घेताना त्याने मला बोलावले होते. हेड बंद होते, मोजण्यासारखे काही नव्हते. त्याने आधी बिल पुढे केले, मग टॉर्च.