घरची बोली इंग्रजीच्या आड येते का? हा प्रश्न संशोधनात कसा मांडायचा



पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्या आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "ताई, घरी सगळे वऱ्हाडीच बोलतात, म्हणून आमची इंग्रजी कच्ची राहिली." कुणी वऱ्हाडीच्या जागी बंजारा म्हणतं, कुणी उर्दू. पुढे हेच विद्यार्थी शिक्षणशास्त्रात किंवा भाषेत संशोधनाचा आराखडा लिहायला बसले की ते वाक्य जरा कपडे बदलून येतं: "मातृभाषेच्या प्रभावामुळे ग्रामीण विद्यार्थ्यांचे इंग्रजी कमकुवत राहते." आणि गंमत म्हणजे हे वाक्य तपासायची परिकल्पना म्हणून येत नाही, आधीच ठरलेलं सत्य म्हणून येतं.

मी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी, भाषाशास्त्र माझा विषय नाही. पण या एका वाक्यात संशोधन पद्धतीचा फार कामाचा धडा दडलेला आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा ५० टक्के अभ्यासक्रम संशोधन पद्धतीचा असतो. तेव्हा तुमचा विषय कोणताही असो, आजचा लेख उपयोगी पडेल.

आधी सोयाबीन, मग भाषा

समजा तुम्हाला सोयाबीनच्या दोन वाणांची तुलना करायची आहे. पहिला वाण तुम्ही भारी काळ्या जमिनीत पेरला आणि त्याला स्प्रिंकलरचं पाणी दिलं. दुसरा मुरमाड जमिनीत पेरला आणि पावसाच्या भरवशावर सोडला. पहिल्याचा एकरी उतारा जास्त आला. आता "पहिला वाण चांगला" असा निष्कर्ष काढला तर गावातला कोणताही शेतकरी हसेल. कारण फरक वाणाचा, जमिनीचा की पाण्याचा, हे कळायला मार्गच नाही. वाण हा आपला स्वाश्रयी चल, उतारा हा आश्रयी चल, आणि जमीन व पाणी हे मध्ये घुसून गोंधळ घालणारे चल.

आता भाषेकडे या. घरी वऱ्हाडी बोलणारा खेड्यातला मुलगा आणि घरी प्रमाण मराठी किंवा थोडी इंग्रजी बोलणारी शहरातली मुलगी, या दोघांच्या इंग्रजीच्या गुणांची तुलना आपण करतो. त्यांच्यात फक्त भाषेचा फरक आहे का? आईवडिलांचं शिक्षण वेगळं. उत्पन्न वेगळं. एका शाळेत एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळतात, दुसरीकडे प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक. एकाच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय इंग्रजी अक्षर नाही, दुसरीकडे गोष्टींची पुस्तकं, मोबाईल, शिकवणी सगळं आहे. एकाला सोयाबीनच्या सोंगणीत शाळा बुडवावी लागते. इतकं सगळं वेगळं असताना दोष मात्र एकट्या बोलीवर जातो. काळी जमीन आणि स्प्रिंकलर विसरून सगळं श्रेय वाणाला देण्यासारखंच हे झालं.

ही चूक मोठ्यांनीही केलेली आहे

ब्रिटनमधल्या वेल्सची जुनी भाषा वेल्श. डी. जे. सेअर या संशोधकाने १९२३ मध्ये तिथल्या शाळकरी मुलांच्या बुद्धिचाचण्यांचे निकाल छापले. खेड्यांमध्ये वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषा बोलणारी मुलं फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा मागे दिसली. दोन भाषांमुळे मुलांच्या डोक्यावर ताण पडतो, असा समज अशा अभ्यासांमुळे पक्का झाला. पण त्याच निकालांत शहरातल्या दोन्ही प्रकारच्या मुलांमध्ये तसा फरक दिसत नव्हता. दोष दोन भाषांचा असता तर तो शहरात कुठे गेला? म्हणजे खेड्यात भाषेसोबत आणखी काहीतरी वेगळं होतं.

१९६२ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी हाच प्रश्न नीट मांडला. फ्रेंच शाळांतली दहा वर्षांची मुलं घेतली आणि दोन्ही गटांची वयं, मुलगा-मुलगी प्रमाण, आर्थिक-सामाजिक स्तर जुळवून घेतले. म्हणजे जमीन आणि पाणी सारखं केलं. निकाल उलटा आला: दोन भाषा येणारी मुलं पुढे होती.

इथे टाळ्या वाजवून थांबू नका. या अभ्यासावरही आक्षेप आहे. द्विभाषिक गटात दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारी मुलं निवडली होती. मग दोन भाषांमुळे ती हुशार झाली, की मुळात हुशार होती म्हणून त्यांना दोन भाषा चांगल्या आल्या? नमुना निवडीतला हा दोष ओळखता आला तर समजा तुमची संशोधन दृष्टी तयार व्हायला लागली.

आपल्या देशातलं उदाहरण जास्त बोलकं आहे. अजित मोहंती यांनी ओडिशातल्या आजच्या कंधमाल भागात कंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. तिथे काही गावांत कंध लोक कुई आणि ओडिया दोन्ही बोलतात, तर काही गावांत कुई मागे पडून फक्त ओडिया उरली आहे. समाज एक, गरिबी सारखी, फरक भाषेचा. तुलनेसाठी इतकी सारखी जमीन क्वचितच मिळते. या अभ्यासांमध्ये दोन भाषा बोलणारी मुलं, भाषेकडे भाषा म्हणून बघण्याच्या चाचण्यांत, सरस ठरली. यावरून त्यांची इंग्रजीही चांगली होईल असं सिद्ध होत नाही. पण घरची भाषा म्हणजे डोक्यावरचं ओझं, हा समज मात्र डळमळीत होतो.

मग बोलीचा काहीच परिणाम होत नाही का?

होतो, पण तो कुठे होतो हे नेमकं सांगावं लागतं. मराठीत 'अ' आणि 'द' सारखी उपपदं नाहीत, म्हणून इंग्रजी लिहिताना ती आपल्याकडून गळतात किंवा नको तिथे येतात. आपला 'व' इंग्रजीतल्या दोन वेगळ्या उच्चारांचं काम एकटाच करतो. असे परिणाम मोजता येतात. पण "उपपदं चुकतात" आणि "इंग्रजी येत नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारायची नाही.

उलट काही ठिकाणी मराठीच कामाला येते. इंग्रजी शोधनिबंधात 'वी' हा शब्द सतत येतो. "वी मेजर्ड" म्हणजे "आम्ही मोजलं", त्यात वाचक नाही. "ॲज वी सी इन फिगर टू" म्हणजे "आकृती २ मध्ये आपण पाहतो", त्यात वाचकही आला. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे, म्हणून थोडं लक्ष दिलं तर कोणता 'वी' कुणाचा, हे आपल्याला ओळखता येतं.

इंडोनेशियन भाषेतही हाच भेद आहे. वाचकाला वगळून 'कामी', वाचकासकट 'किता'. त्या देशात ७०० हून जास्त भाषा आहेत. जावानीज घरात वाढलेलं मूल शाळेत इंडोनेशियन शिकतं आणि इंग्रजी त्याच्याकडे त्यानंतर येते. राष्ट्रभाषा म्हणून तिथल्या चळवळीने १९२८ मध्ये सर्वांत जास्त लोकांची जावानीज घेतली नाही, बाजारात आणि बंदरांत चालणाऱ्या मलय भाषेचा आधार घेतला. घरची एक, शाळेची दुसरी, नोकरीची तिसरी, अशा पायऱ्या चढणारे आपण एकटे नाही.

आपल्या जिल्ह्यात भाषा मोजायच्या कशा?

मेहकर-लोणारकडच्या तांड्यांवर बंजारा, शहरांमध्ये उर्दू, मलकापूरच्या बाजूला लेवा बोली, आणि बाकी वऱ्हाडी. "काय करून राहिला बे?" या आपल्या वाक्याची घडणसुद्धा हिंदीच्या "क्या कर रहा है" शी जुळते. सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद तालुक्यात कोरकू आहे आणि निहाली आहे.

निहालीबद्दल दोन शब्द. जामोद, सोनबर्डी, चालठाणा, कुवरदेव अशा गावांत ती बोलली जाते. बोलणारे अंदाजे दोन-अडीच हजार. मराठी इंडो-आर्यन कुळातली, कोरकू मुंडा कुळातली, पण निहालीचं जगातल्या कोणत्याही भाषेशी नातं पक्कं सिद्ध झालेलं नाही. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा सुमारे चौथाई शब्दांचा मूळ संबंध कुठेच लागत नव्हता. 'एक'साठी तिचा स्वतःचा शब्द आहे, 'दोन' ते 'चार' द्रविड भाषांसारखे, आणि पुढचे बहुतेक आकडे हिंदी-मराठीकडून आलेले. नुसते आकडे ऐकले तरी या लोकांचे शेजारी कोण होते ते कळतं.

आता तुमच्या प्रश्नावलीत एकच प्रश्न आहे असं समजा: "तुमची मातृभाषा कोणती?" निहाली घरातली मुलगी काय लिहील? शाळेत विचारलं तर कदाचित "मराठी" लिहील. कारण शाळेत तेच लिहायचं असतं, असं तिला वाटतं. जनगणनेतही मातृभाषेशिवाय जास्तीत जास्त दोनच भाषा नोंदवतात. घरी निहाली, शेजारी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी असेल तर चौथी भाषा कागदावर येतच नाही. शिवाय २०११ च्या जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषांची नावं वेगळी दिसत नाहीत. त्या जनगणनेत देशातले सुमारे २६ टक्के लोक द्विभाषिक आणि ७ टक्के त्रिभाषिक दिसतात. हे आकडे वापरताना ते कोणत्या प्रश्नातून आले, हे विसरू नका.

म्हणून या विषयावर काम करायचं असेल तर आराखड्यात एवढं तरी ठेवा:

१. "कोणती भाषा येते?" ऐवजी "कुणाशी, कुठे, कशासाठी, कोणती भाषा वापरता?" असा तक्ता द्या. आजी, आई, मित्र, दुकान, शाळा, मोबाईल या सहा ओळी पुरेत.

२. "इंग्रजी येते का? हो/नाही" असं विचारू नका. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं वेगळं मोजा. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत जमते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांचं मांडणं. पण ही वर्षं कॅनडातल्या स्थलांतरित मुलांची आहेत, ज्यांच्या कानावर शाळेबाहेरही इंग्रजी पडत होती. आपल्या गावाला हा आकडा जसाच्या तसा लावू नका.

३. पालकांचं शिक्षण, उत्पन्न, शिक्षकसंख्या, हजेरी यांची माहिती घ्या आणि गट जुळवा. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा "किती वर्षं शिकला" एवढ्यावर थांबू नका, प्रत्यक्षात किती तास शिकवलं गेलं तेही विचारा.

४. परिकल्पना अशी लिहा की ती खोटी ठरू शकेल. "सारख्या आर्थिक स्तरातल्या आणि एकाच शाळेतल्या, घरी वेगळ्या भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वाचन-आकलनात लक्षणीय फरक नाही." ही तपासता येते.

तुमच्या स्वतःच्या इंग्रजीचं काय?

ज्या वेल्समध्ये १९२३ ला दोन भाषांना दोष मिळाला, त्याच वेल्समध्ये १९९० च्या दशकात केन विल्यम्स यांनी दोन भाषा मुद्दाम एकत्र वापरायची अध्यापन पद्धत मांडली: एका भाषेत वाचायचं, दुसरीत लिहायचं. ती आपल्याला सहज जमेल. शोधनिबंधाचा सारांश इंग्रजीत वाचा. तो मित्राला वऱ्हाडीत समजावून सांगा. जिथे अडखळाल तिथे तुम्हाला समजलेलं नाही, मग इंग्रजी कितीही वाचून झालेली असो. नंतर मराठीत चार ओळी लिहा आणि शेवटी इंग्रजीत दोन. महिनाभर रोज एक सारांश करून बघा.

शेवटी एक गोष्ट. सोयाबीनच्या प्रयोगात निष्कर्ष चुकला तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. "घरच्या बोलीमुळे मूल मागे पडतं" असा चुकीचा निष्कर्ष कागदावर आला, की तो शिक्षकांच्या प्रशिक्षणात जातो, तिथून पालकसभेत जातो, आणि आईला सांगितलं जातं की लेकराशी तुमच्या भाषेत बोलू नका. वऱ्हाडी बोलणारे लाखो आहेत, ती एवढ्याने संपणार नाही. पण सोनबर्डीच्या दहा-वीस आयांनी हा सल्ला ऐकला, तर जगात जिचं दुसरं भावंड नाही अशी भाषा एका पिढीत आटेल, आणि पोरांची इंग्रजी सुधारेलच याची काही खात्री नाही. म्हणून "मातृभाषेच्या प्रभावामुळे" हे शब्द लिहिण्याआधी स्वतःला विचारा: मी जमीन आणि पाणी सारखं केलं होतं का?

तुमच्या घरचा सहा ओळींचा भाषा-तक्ता आज वहीत भरून बघा. बहुतेकांच्या तक्त्यात तीनपेक्षा जास्त भाषा निघतील.