पडद्यावरचा शेजारी

भारत-नेपाळ संबंधांची चर्चा राजधानीत सहसा १९५० चा मैत्री करार, नद्यांचे पाणी आणि सीमेचे नकाशे यांभोवती फिरते. काठमांडूतील रोष मात्र वारंवार प्रकट होतो तो हिंदी चित्रपट आणि वाहिन्यांवर. डिसेंबर २००० मध्ये अभिनेते हृतिक रोशन यांनी नेपाळविषयी अनुदार उद्गार काढल्याची अफवा पसरली. त्यांनी साफ इन्कार केला. तरीही दंगल उसळली, भारतीयांच्या दुकानांवर हल्ले झाले आणि जीवितहानीही झाली.

हा प्रभाव कोणी लादलेला नाही. सतराशे किलोमीटरहून लांब अशी खुली सीमा ओलांडून नेपाळी माणूस रोजगारासाठी भारतात येतो आणि परतताना हिंदी घेऊन जातो. ‘सत्य हरिश्चंद्र’ हा पहिला नेपाळी बोलपट १९५१ मध्ये कलकत्त्यात तयार झाला. १९६६ च्या ‘माइतीघर’ची नायिका माला सिन्हा, तर संगीतकार जयदेव. उलट दिशेने पाहिल्यास, माजी पंतप्रधान बी. पी. कोईराला यांची नात मनीषा कोईराला मुंबईत तारका झाली. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. वजन मात्र कधीच समान नव्हते.

या विषमतेला राजकीय भाषा दिली ती माओवाद्यांनी. फेब्रुवारी १९९६ मध्ये सशस्त्र संघर्षापूर्वी त्यांनी दिलेल्या चाळीस कलमी मागणीपत्रात अश्लील हिंदी चित्रपट व मासिकांवर बंदीची मागणी होती. ते सादर करणारे बाबुराम भट्टराई दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे डॉक्टरेट, हा योगायोग बोलका आहे. पुढे २०१५ च्या नाकेबंदीच्या काळात नेपाळी केबलचालकांनी भारतीय वाहिन्या बंद केल्या. जुलै २०२० मध्ये सीमावाद तापलेला असताना दूरदर्शन वगळता भारतीय वृत्तवाहिन्यांचे प्रक्षेपण थांबले. जून २०२३ मध्ये ‘आदिपुरुष’मधील सीतेला भारताची कन्या म्हणणाऱ्या संवादावरून काठमांडूचे तत्कालीन महापौर बालेन्द्र शाह यांनी शहरात सर्वच हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. अखेर पाटण उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला.

या घटनांतील सूत्र स्पष्ट आहे. भूवेष्टित नेपाळ इंधन आणि व्यापारासाठी भारताकडे पाठ फिरवू शकत नाही. रोष दाखवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे चित्रपटगृह आणि केबल. तक्रार राजकीय असते, शिक्षा करमणुकीला होते.

परंतु या राष्ट्रवादाची झळ नेपाळच्याच नागरिकांनाही पोहोचते. मैथिली, भोजपुरी, अवधी बोलणाऱ्या मधेशात हिंदी ही संपर्काची भाषा आहे. मधेशी नेते परमानंद झा यांनी २००८ मध्ये उपराष्ट्रपतिपदाची शपथ हिंदीत घेतली, तेव्हा वादळ उठले. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली. २०१० मध्ये त्यांनी नेपाळी आणि मैथिलीत पुन्हा शपथ घेतली. हिंदीला विरोध करताना काठमांडू आपल्याच तराईला परके तर ठरवत नाही ना, हा प्रश्न तेथे आजही अनुत्तरित आहे.

दिल्लीनेही आत्मपरीक्षण करावे. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ च्या कलम ५ ब मध्ये प्रमाणपत्र नाकारण्याच्या कारणांत परराष्ट्रांशी मैत्रीपूर्ण संबंधांचा स्पष्ट उल्लेख आहे. या तरतुदीचा अर्थ कात्री अधिक धारदार करणे असा नव्हे. कलास्वातंत्र्याला त्यातून धोकाच संभवतो. मात्र जनकपूर आणि लुंबिनी यांविषयी नेपाळला काय वाटते, याची जाण निर्मात्यांना आणि मंडळाला असणे हे साधे सौजन्य आहे. ‘आदिपुरुष’मधील तो संवाद नेपाळच्या परीक्षण मंडळाला खटकला, आपल्याकडे तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

मुंबईत हिंदी चित्रसृष्टीच्या सावलीत मराठी चित्रपटाने चित्रगृहांतील खेळांसाठी केलेला झगडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नेपाळी अस्वस्थता समजायला कठीण जाऊ नये. फरक इतकाच, की तेथे प्रश्न एका सार्वभौम राष्ट्राच्या स्वत्वाचा आहे. मोठ्या शेजाऱ्याची गाणी आवडीने ऐकणारा समाज त्या शेजाऱ्याच्या हेतूंवर विश्वास ठेवतोच असे नाही. लोकप्रियतेलाच सद्भावना समजण्याची चूक परराष्ट्र धोरणाला परवडणारी नाही.