विश्लेषण : बोगोटाचे पाणी डोंगरावरच्या एका झुडपावर अवलंबून? काय आहे ‘फ्रायलेहोन’?

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे ११ एप्रिल २०२४ पासून पाणीकपात सुरू झाली. सुमारे ८० लाख वस्तीच्या या शहराचे नऊ विभाग करण्यात आले आणि आळीपाळीने एकेका विभागाचा पुरवठा २४ तास बंद ठेवला गेला. ही कपात वर्षभर, म्हणजे एप्रिल २०२५ पर्यंत चालली. एल निनोमुळे पाऊस रोडावला होता आणि शहराला सुमारे ७० टक्के पाणी देणाऱ्या चिंगासा प्रणालीतील धरणांचा साठा २० टक्क्यांच्याही खाली गेला होता. त्या काळात धरणांइतकीच चर्चा झाली ती धरणांच्या वर, धुक्यात उगवणाऱ्या एका वनस्पतीची. तिचे नाव फ्रायलेहोन.

फ्रायलेहोन म्हणजे काय?

झेंडू, शेवंती, सूर्यफूल ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वनस्पती. शास्त्रीय नाव एस्पेलेशिया. हे नाव स्पॅनिश राजवटीतील व्हाइसरॉय एस्पेलेता यांच्यावरून पडले. स्थानिक नावाचा अर्थ मात्र ‘मोठा साधू’ असा. धुक्यात लांबून पाहिले तर झगा घातलेले ख्रिस्ती मठवासी रांगेने उभे असावेत, तशा या वनस्पती दिसतात. कोलंबियाच्या १०० पेसोच्या नाण्यावरही तिचे चित्र आहे.

रचना साधी आहे. मध्ये एक जाड, बहुतेकदा फांद्या नसलेले खोड, त्याच्या टोकाला लांबट पानांचा गुच्छ आणि त्यातून वर येणारी पिवळी फुले. बहुतेक जाती माणसाच्या उंचीच्या आसपास राहतात, काही दहा मीटरच्याही पुढे जातात. वाढ अतिशय संथ. वर्षाला साधारण एक सेंटिमीटर हा आकडा सर्रास सांगितला जातो, जातीनुसार तो कमी-जास्त होतो. या हिशेबाने दोन मीटरचे झुडूप दोनशे वर्षांचे ठरते.

फ्रायलेहोन आणि त्याचे जवळचे नातलग मिळून शंभराहून अधिक जाती आहेत. त्या फक्त कोलंबिया, व्हेनेझुएला आणि इक्वेडोर या तीनच देशांत आढळतात. त्याचे एक कारण बियांमध्ये आहे. आपल्याकडच्या एकदांडीचे बी केसांच्या झुपक्यावर तरंगत वाऱ्याने दूर जाते. दोन्ही एकाच कुळातल्या, पण फ्रायलेहोनच्या बीला असा झुपका नसतो. ते आईच्या पायाशीच पडते. त्यामुळे जवळपास प्रत्येक डोंगररांगेची स्वतःची वेगळी जात तयार झाली.

इतक्या थंडीत ती जगते कशी?

अँडीज पर्वतात जंगल संपते आणि बर्फ सुरू होते, त्यामधल्या गवताळ, दलदलीच्या पट्ट्याला पारामो म्हणतात. उंची साधारण तीन ते साडेचार हजार मीटर. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे आपल्यासारखे ऋतू नाहीत. रोज दुपारी उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा, असा प्रकार. पहाटे दव गोठते आणि काही तासांत कडक ऊन पडते.

खरी अडचण सकाळी येते. ऊन लागताच पाने तापून पाणी मागू लागतात, पण जमीन अजून गारठलेली असते आणि मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे टाकी भरलेली, पण पंप बंद. त्यावर फ्रायलेहोनने खोडातच साठवणीची टाकी केली आहे. खोडाच्या मध्यभागी मऊ भेंड असतो, त्यात पाणी साठते आणि सकाळचे काही तास पानांना तिथूनच पुरवठा होतो.

आता ही टाकी गोठू द्यायची नाही. म्हणून वाळलेली पाने गळून पडत नाहीत, खोडाभोवतीच लटकत राहतात. साधूचा झगा तो हाच. गिझरच्या टाकीभोवती जसे उष्णता धरून ठेवणारे आवरण असते, तसेच हे काम. व्हेनेझुएलात गोल्डस्टीन आणि माइन्झर या संशोधकांनी १९८०च्या दशकात काही झुडपांची वाळकी पाने काढून पाहिली. रात्री भेंड गोठण्याइतका थंड झाला, पानांचा पुरवठा तुटला आणि ती झुडपे मेली. दिसायला कचरा, पण त्याच्यावरच सगळा खेळ.

पानांवरची दाट पांढरी लव पानाभोवतीची हवा धरून ठेवते, त्यामुळे पान आसपासच्या हवेपेक्षा उबदार राहते. काही जातींची पाने रात्री मिटतात आणि मधल्या कोवळ्या कोंबाला झाकतात.

गंमत म्हणजे आफ्रिकेतही हीच युक्ती दिसते. किलिमांजारोवर जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकांच्या फोटोंत हमखास दिसणारे सेनेसिओचे विचित्र खांब याच कुळातले, पण त्यांनी हा वाळक्या पानांचा झगा स्वतंत्रपणे मिळवला.

मग बोगोटाला पाणी हे झुडूप देते का?

‘फ्रायलेहोन पाणी तयार करते’ हे वाक्य कोलंबियात लहान मुलेही म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. लवेवर धुक्याचे थेंब अडकतात, ठिबकतात, हे बरोबर. पण पाण्याचा मोठा साठा पायाखाली असतो. थंडीमुळे पालापाचोळा सावकाश कुजतो, त्यातून काळी, स्पंजासारखी माती तयार होते. ती माती आणि शेवाळ पाऊस धरून ठेवतात आणि कोरड्या महिन्यांत हळूहळू ओढ्यांना सोडतात. फ्रायलेहोन या व्यवस्थेचा एक भाग आहे, नळ नव्हे.

हा फरक महत्त्वाचा, कारण धोका मातीलाच जास्त आहे. बटाट्याच्या लागवडीसाठी पारामो नांगरला जातो, गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून पेटवला जातो. बुकारामांगा शहराच्या वरच्या सांतुर्बान पारामोत सोन्याच्या खाणीविरोधात मोठी आंदोलने झाली. २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने पारामोतील खाणकामाला मनाई केली आणि २०१८ च्या कायद्याने ती पक्की झाली. मात्र, पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेती करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही. त्यांना कमी हानीच्या शेतीची मुभा ठेवण्यात आली आहे.

पुन्हा लागवड करता येते का?

येते, पण बी त्याच डोंगरातून गोळा करावे लागते, कारण शेजारच्या रांगेवरची जात वेगळी असू शकते. चिंगासात २००९ च्या सुमारास अळ्या आणि बुरशीमुळे फ्रायलेहोन सुकत असल्याचे लक्षात आले, त्यामुळे निरोगी झुडपे निवडणे हेही एक काम झाले आहे. रोपवाटिकेत बी रुजते, रोप डोंगरावर नेऊन लावले जाते. त्यानंतर ते गुडघ्याएवढे व्हायला, वर्षाला एक सेंटिमीटर धरले, तर निम्मे शतक लागते.